दहा जणांत दहावा

आमच्या लहानपणी निकालाच्या दिवशी वडील दोन प्रश्न विचारीत. पहिला, "कितवा आलास?" आणि दुसरा, "वर्गात मुलं किती?" पहिल्या प्रश्नाला माणूस कसाबसा तोंड देऊ शकतो. खरी परीक्षा दुसऱ्या प्रश्नात असते. साठ मुलांच्या वर्गात दहाव्या आलेल्या मुलाच्या घरी पेढे येतात. दहा मुलांच्या वर्गात दहाव्या आलेल्या मुलाच्या घरी मास्तर येतात.

२०२४ सालच्या आयपीएलमध्ये संघ दहा होते आणि आमची मुंबई इंडियन्स दहावी आली. चौदा सामने, चार विजय, दहा पराभव, आठ गुण. या मोसमाची चिरफाड आजवर इतक्या जाणत्या मंडळींनी केली आहे, की आता मी पुन्हा सुरी हातात का घ्यावी, असं आपण विचाराल. क्रिकेटवर लिहिणारा हा कोण मोठा अधिकारी? खरं आहे. मी बँकेतसुद्धा अधिकारी नाही, क्लार्क आहे. पण गेली वीस-बावीस वर्षं माझं काम एकच आहे. दुसऱ्यांनी कमावलेल्या आणि उधळलेल्या आकड्यांची बेरीज जुळते की नाही, ते पाहायचं. या मोसमाची बेरीज मला अजून जुळलेली नाही. फरक कुठे येतो, तेही मला ठाऊक आहे. तो थोडासा माझ्याकडूनच आला आहे.

तर आधी पत्ता सांगतो. मी कोपरला राहतो. नवख्या माणसाला हे सांगितलं की तो आधी माझ्या हाताकडे बघतो. कोपर हे दिवा आणि डोंबिवली यांच्या मधलं स्टेशन. इतर स्टेशनांना फलाट असतात, आमच्या स्टेशनाला मजलेही आहेत. खालून कल्याणची लोकल जाते आणि वरून आडवी दिवा-वसईची गाडी. क्रिकेटशी आमचा संबंध या भूगोलातूनच आलेला आहे. अजिंक्य रहाणे डोंबिवलीचा, हे तर सगळ्यांना माहीत आहे. पण रोहित शर्माचे आईवडीलही एके काळी डोंबिवलीत एका खोलीच्या घरात राहत. रोहित बोरिवलीला आजोबांकडे वाढला आणि शनिवार-रविवारी आईवडिलांना भेटायला डोंबिवलीला यायचा. आता बोरिवलीहून डोंबिवलीला यायचं तर कोपर टाळता येत नाही, हे आमच्या डब्यातल्या खिडकीवाल्या काकांनी भूमितीने सिद्ध केलेलं आहे. तो कोपरच्या खालून जायचा की वरून, एवढ्यावरच काय तो आमच्या गटात मतभेद आहे.

अशा आपल्या माणसाने २०१३ पासून संघाचं कर्णधारपद सांभाळलं आणि २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदं आणून दिली. आणि डिसेंबर २०२३ मध्ये एक दिवस बातमी आली, की कर्णधार आता हार्दिक पंड्या.

हार्दिक तसा काही परका नव्हे. २०१५ साली मुंबईनेच त्याला दहा लाखांत घेतलं होतं. नंतर तो गुजरातला गेला आणि नव्या कोऱ्या गुजरात टायटन्सला त्याने पहिल्याच वर्षी, २०२२ साली, विजेतेपद मिळवून दिलं. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरीत नेलं. जाता जाता वाटेत मुंबईलाच हरवून. अशा माणसाला पंधरा कोटींना परत आणला. त्या व्यवहारासाठी पैसे मोकळे करायला कॅमेरॉन ग्रीनला साडेसतरा कोटींना बंगळूरला दिला. जोफ्रा आर्चरला आधीच सोडलेलं होतं. बेहरेनडॉर्फ आणि मदुशंका हे डावखुरे वेगवान गोलंदाज मोसमाच्या तोंडावर जायबंदी झाले. सूर्यकुमार यादव पहिले तीन सामने दुखण्याने बाहेर. म्हणजे नवा मॅनेजर हजर झाला त्या दिवशी कॅशमध्ये पैसे नव्हते, दोन काउंटर बंद होते आणि बाहेर रांग लागली होती. पण गाडीतल्या चर्चेत यातलं काही येत नाही. गाडीतली चर्चा व्यक्तीवर होते. ताळेबंदावर होत नाही.

पहिला सामना २४ मार्चला अहमदाबादला. तिथल्या प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडवली, हे समजण्यासारखं होतं. तो त्यांना सोडून आला होता. जसप्रीत बुमराहसारखा गोलंदाज हाताशी असताना नवा चेंडू हार्दिकने स्वतः घेतला, हे मात्र समजण्यासारखं नव्हतं. बुमराहने मागाहून येऊन १४ धावांत ३ बळी घेतले. मग फलंदाजीला हार्दिक सातव्या क्रमांकावर आला. शेवटच्या षटकात १९ हव्या होत्या. एक षटकार मारला, एक चौकार मारला आणि बाद झाला. मुंबई ६ धावांनी हरली.

तीन दिवसांनी हैदराबाद. त्या रात्री हैदराबादने ३ बाद २७७ केल्या. आयपीएलमध्ये तोवर एवढ्या कोणी केल्या नव्हत्या. आमचं दुर्दैव असं, की आम्ही जेवायला बसलो होतो आणि हिने टीव्ही बंद करू दिला नाही. म्हणाली, "बघू या, अजून किती होतात." ट्रॅव्हिस हेड गेला तर अभिषेक शर्मा, तो गेला तर क्लासेन. मुंबईने त्या दिवशी क्वेना मफाका या सतरा वर्षांच्या दक्षिण आफ्रिकी पोराला पहिल्यांदा उतरवलं. त्याच्या चार षटकांत ६६ धावा गेल्या. नोकरीचा पहिला दिवस, महिन्याची एक तारीख आणि पेन्शनरांची रांग. या पोराचं काय झालं असेल, ते आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. आणि हे सगळं होत असताना पहिल्या बारा षटकांत बुमराहला एकच षटक दिलं होतं. तिजोरीला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवावी आणि दरोडा संपल्यावर काढावी, असा प्रकार. हार्दिकवर टीका करायची तर या दोन गोष्टींवर करा, माझी तक्रार नाही. उलट मीही करतो. बुमराहने त्या मोसमात तेरा सामन्यांत वीस बळी घेतले आणि षटकाला साडेसहासुद्धा धावा दिल्या नाहीत. त्याच मोसमात हार्दिकच्या स्वतःच्या गोलंदाजीवर षटकाला पावणेअकरा गेल्या. असा गोलंदाज घरात असताना संघ शेवटचा येतो, म्हणजे त्याची चार षटकं कुठे खर्च करायची, याचा हिशेब चुकलाच आहे.

पण आपण हुर्यो उडवली ती यासाठी नव्हे. आता तिकडेच येतो.

१ एप्रिल हा बँकवाल्यांच्या आयुष्यातला एक विचित्र दिवस. जगाला वाटतं बँक बंद आहे. दार बंद असतं आणि आत आम्ही वर्षअखेरीचे आकडे जुळवत असतो. त्या वर्षी तर ३१ मार्चला रविवार असूनही सरकारी व्यवहारांसाठी कित्येक शाखा उघड्या होत्या. असा सलग राबून सोमवारी संध्याकाळी मी बाहेर पडलो, तेव्हा मेहुणा दोन तिकिटं घेऊन उभा होता. वानखेडे, राजस्थान रॉयल्सविरुद्ध, घरच्या मैदानावरचा पहिला सामना.

नाणेफेकीला संजय मांजरेकर आले. हार्दिकचं नाव घेऊन त्यांनी टाळ्यांची मागणी केली. टाळ्यांऐवजी जो आवाज उठला, तो मी जन्मात विसरणार नाही. मांजरेकरांनी माइकवरून "बिहेव" म्हणून दटावलं. मुंबईच्याच माणसाने मुंबईच्या माणसांना त्यांच्याच मैदानावर नीट वागा म्हणून सांगावं, हा प्रसंग तसा शरमेचा. पण त्या आवाजात माझा आवाज होता. आणि थोडाथोडका नव्हता. मी, ज्याने शाखेत आजवर कुणाला "जरा पंखा कमी करता का?" एवढंसुद्धा मोठ्याने म्हटलेलं नाही, तो मी दोन्ही हातांचा कर्णा करून "हुर्यो" ओरडत होतो. शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. तेही ओरडत होते. नातू त्यांच्याकडे बघत होता. मला फार बरं वाटत होतं. दोन दिवसांची वर्षअखेर, न जुळलेले आकडे, वरिष्ठांचे फोन, सगळं घशातून बाहेर पडत होतं, आणि ते ज्याच्या अंगावर पडत होतं त्याचा या कशाशीही संबंध नव्हता.

मग खेळ सुरू झाला. ट्रेंट बोल्टने पहिल्याच षटकात रोहित आणि नमन धीर यांना पहिल्याच चेंडूवर बाद केलं. पुढच्या षटकात ब्रेविसही पहिल्या चेंडूवर. ४ बाद २०. आम्ही गप्प. त्यानंतर डाव सावरायला कोण यावं? हार्दिक. ३४ धावा केल्या त्याने, डावातल्या सर्वांत जास्त. आमच्या स्टँडमध्ये त्या धावांना टाळ्या वाजवायच्या की नाही, यावर कुजबुज झाली. शेवटी काहींनी बॅटला टाळ्या वाजवल्या, माणसाला नाही. ९ बाद १२५ आणि साडेपंधरा षटकांत खेळ खलास. सामन्यात कधीतरी सीमेवर उभ्या असलेल्या रोहितने प्रेक्षकांकडे वळून हाताने खूण केली, की हे बंद करा. आम्हाला वाटलं, तो आम्हाला हात दाखवतोय. आम्ही आणखी जोरात "रोहित, रोहित" ओरडलो.

परतीच्या गाडीत मेहुणा मुंब्र्यापर्यंत हार्दिकला शिव्या देत होता. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, आणि मला एक दार दिसत होतं.

त्याचं असं आहे. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या शाखेत असाच एकजण परत आला होता. माझ्या शेजारच्या काउंटरला बसून त्याने एके काळी नोटा मोजल्या होत्या. डोंबिवलीचा पोरगा. संध्याकाळी आम्ही एकाच डब्यातून यायचो आणि मी कोपरला उतरताना माझी बॅग तो रॅकवरून काढून द्यायचा. मग परीक्षा दिल्या, ऑफिसर झाला, बाहेरगावी गेला, तिथे एक मरगळलेली शाखा त्याने वर काढली असं कानावर आलं, आणि एक दिवस मॅनेजर होऊन आमच्याच शाखेत हजर. तोवर जे शाखा चालवीत होते, ते आमचे मोठे साहेब, ज्यांच्या हाताखाली आम्ही सुखात होतो, ते त्याच शाखेत दोन नंबरच्या टेबलावर आले. ऑर्डर वरून आली होती. वर जाऊन विचारण्याची कुणाची छाती नव्हती.

आम्ही हुर्यो उडवली नाही. बँकेत तशी पद्धत नाही. तो केबिनमधून बाहेर आला की चाललेला विनोद अर्ध्यावर थांबायचा. त्याचा चहा यायचा, पण साखर राहून जायची. तो बाहेरगावी असताना लॉकरच्या खोलीला नवं दार बसलं होतं. ते अडकायचं आणि खालून एक लाथ मारली की उघडायचं. हे शाखेत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला कुणी सांगितलं नाही. दागिने काढायला आलेल्या एका खातेदार बाईंसमोर तो त्या दाराशी झुंजत होता, शर्ट घामाने ओला, आणि आम्ही सगळे स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. एकटे मोठे साहेब तेवढे दुपारी त्याच्या केबिनमध्ये जाऊन त्याच्याबरोबर डबा खायचे. आम्ही म्हणायचो, बघा, बिचाऱ्यांवर काय वेळ आली.

दीड वर्षाने त्याची बदली झाली. निरोपसमारंभ, गुच्छ, सामोसे, भाषणं, सगळं रीतसर झालं. जाताना तो माझ्या काउंटरपाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "दाराचं तुम्ही तरी सांगायचं होतंत."

पुढच्या सामन्यांवर फार वेळ घालवत नाही; मुंबईनेही घालवला नाही. ७ एप्रिलला हजारो शाळकरी मुलांच्या साक्षीने दिल्लीविरुद्ध पहिला विजय मिळाला. रोमारियो शेफर्डने शेवटच्या षटकात ३२ धावा कुटल्या. ११ तारखेला बुमराहने बंगळूरचे पाच बळी घेतले आणि १९७ चं लक्ष्य मुंबईने साडेपंधरा षटकांत पार केलं. त्या दिवशीही हुर्यो चालूच होती, आणि ती थांबवायला प्रेक्षकांना खूण केली ती प्रतिपक्षाच्या विराट कोहलीने. १४ एप्रिलला चेन्नईविरुद्ध शेवटचं षटक टाकायला हार्दिक स्वतः आला. धोनीने चार चेंडूंत तीन षटकारांसह २० धावा केल्या आणि मुंबई नेमकी २० धावांनी हरली. रोहितचं नाबाद शतक फुकट गेलं. दुसऱ्या दिवशी आमच्या डब्यात सुतक होतं. काका म्हणाले, "त्या षटकाचं व्याज जरी धरलं ना..." आणि पुढे बोलवेना त्यांना. ३ मेला कोलकात्याने वानखेडेवर बारा वर्षांनी विजय मिळवला. ८ मेला हैदराबादने लखनौला हरवलं आणि त्या निकालाने, स्वतः न खेळता, मुंबई स्पर्धेबाहेर गेली. सगळ्यांच्या आधी. १७ मेचा शेवटचा सामनाही हरली, आणि षटकं वेळेत न टाकल्याबद्दल हार्दिकवर पुढच्या मोसमाच्या पहिल्या सामन्याची बंदी आली.

हा मोसम संपल्यावर एका रविवारी मी सवयीने जुने आकडे काढले. मागच्या वर्षांशी ताळा घेतल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. २०२२ साल. मुंबई इंडियन्स. चौदा सामने, चार विजय, दहा पराभव, आठ गुण, दहावा क्रमांक. तोच आकडा, तीच जागा. उलट त्या वर्षी पहिले आठच्या आठ सामने हरले होते. कर्णधार रोहित. त्या मे महिन्यात आपण काय केलं होतं, हे मी आठवून पाहिलं. डब्यात काका म्हणाले होते, "होतं एखादं वर्ष असं. माणूस आहे." सोसायटीत कुणी चकार शब्द काढला नव्हता. मीही नाही. दोन खाती, शिल्लक सारखीच, आणि एकाला आपण 'होतं एखादं वर्ष' म्हणतो आणि दुसऱ्याला जप्तीची नोटीस पाठवतो. माझ्या हातून शाखेत असं झालं असतं, तर ऑडिटवाल्यांनी मला उभा केला असता.

मी हे काकांना सांगितलं. काका म्हणाले, "ते वेगळं." कसं वेगळं, ते विचारेपर्यंत दिवा आलं आणि चढणाऱ्यांच्या कोपरांपुढे चर्चा थांबली.

माझं मत विचाराल तर संघाच्या मालकांनी कर्णधार बदलला, यात पाप नव्हतं. २०२० नंतर विजेतेपद नव्हतं आणि नवा माणूस विजेता होता. पण दहा वर्षं घर चालवणाऱ्याला उठवून त्याच घरात दुसऱ्याला बसवताना लोकांशी चार शब्द नीट बोलायचे असतात, ते कुणी बोललं नाही. उरलेला जाब मग मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला द्यावा लागला. मालक वर काचेमागे बसतात. तिथपर्यंत हुर्यो पोचत नाही. ती जवळच्या माणसाला लागते, म्हणून जवळच्यालाच मारतात. हार्दिकने चौदा सामन्यांत २१६ धावा केल्या. वाईटच. पण एवढा आवाज कानांत घेऊन मला कुणी साधी एक पानाची बेरीज करायला लावली असती, तर ती तरी बरोबर आली असती का?

मग २९ जूनची रात्र. बार्बाडोस, विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस धावा हव्या होत्या आणि समोर तोच क्लासेन, हैदराबादला आमचं जेवण नासवणारा. हार्दिकने त्याला बाद केला. बुमराहने नेहमीप्रमाणे धावांचा नळ बंद केला. शेवटच्या षटकात सोळा हव्या असताना रोहितने चेंडू हार्दिककडे दिला. पहिल्याच चेंडूवर मिलरचा झेल सूर्यकुमारने सीमारेषेवर आत-बाहेर करत घेतला. सात धावांनी जिंकलो. रोहित, हार्दिक, सूर्या, बुमराह. दहा जणांत दहाव्या आलेल्या संघातली चार माणसं. नंतर मुलाखत देताना हार्दिकला रडू आवरत नव्हतं आणि रोहितने मध्येच येऊन त्याच्या गालाचा मुका घेतला. आमच्या घरात रात्री बारा वाजता सगळे उभे होते. ही म्हणाली, "तुम्ही का रडताय?"

४ जुलैला मरीन ड्राइव्हवर मिरवणूक निघाली. उघडी बस गुजरातहून आणली म्हणून त्यावरही वाद झालाच; आपल्याकडे कशावरून काय होईल सांगता येत नाही. बँक सुटल्यावर मी चर्चगेटकडची गर्दी लांबून पाहिली आणि मुकाट घरची गाडी पकडली. रात्री टीव्हीवर वानखेडे दिसलं. तेच स्टँड. तीन महिन्यांपूर्वी ज्या ठिकाणी मी हातांचा कर्णा करून बसलो होतो, तिथूनच आवाज येत होता, "हार्दिक! हार्दिक!" तो आजोबांबरोबरचा नातू तिथे असेल का, असं उगीचच मनात आलं. सकाळी डब्यात काका म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, पोरात दम आहे." कुणी हरकत घेतली नाही.

त्या रात्री मी मोबाइलमध्ये एक जुना नंबर शोधला. कोपरापासून नमस्कार करून मोठी माफी वगैरे लिहायचा विचार होता, पण आम्हाला अर्ज लिहायची सवय. 'सविनय' लिहिलं आणि पुढे सुचेना. ते खोडलं. शेवटी एवढंच लिहून पाठवलं: "साहेब, लॉकरच्या दाराला खालून लाथ मारावी लागते."

दहा मिनिटांनी उत्तर आलं.

"चौथ्या दिवशी मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं. मॅच पाहिलीत ना?"